वीस माणसांच्या आत 'कारखाना' नाही, म्हणजे सुटलो? प्रेस शॉपच्या मालकांसाठी सुरक्षेचा कायदा, सोप्या भाषेत

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार नव्या कामगार संहिता देशभर लागू झाल्या. त्यानंतर ओळखीच्या एका गाळेवाल्यानं मला निरोप पाठवला: "आता वीसच्या आत माणसं असली की आपण कारखाना नाही. सेफ्टीची कटकट संपली ना?" पुढे हात जोडल्याचं चित्र होतं. त्याच्याकडे सात पॉवर प्रेस (पत्रा कापणारी, मोटरवर चालणारी मशीनं) आहेत, बारा माणसं आहेत, आणि त्यातल्या एकाच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत.

निरोपातलं पहिलं वाक्य खरं आहे. केंद्राच्या १९४८ च्या मूळ कारखाने अधिनियमात विजेवर काम चालणाऱ्या जागी दहा कामगार असले की ती जागा 'कारखाना' ठरायची. नव्या 'व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२०' मध्ये (पुढे नुसतं 'सुरक्षा संहिता' म्हणतो) हा आकडा वीस झाला, आणि वीज न वापरणाऱ्यांसाठी विसाचा चाळीस. पण दुसरं वाक्य, कटकट संपल्याचं, साफ चुकीचं आहे. ते का चुकीचं, हे कायद्याच्या पुस्तकात शोधण्याआधी प्रेसजवळ उभं राहून बघावं लागतं. पॉवर प्रेस कसा चालतो हे ज्याला कळलं त्याला कायदा निम्मा तरी आपोआप कळतो.

चाकणपासून वाळूजपर्यंत आणि भोसरीपासून सातपूर-अंबडपर्यंत गाड्यांचे सुटे भाग बनवणारे शेकडो गाळे आहेत. त्यात कामगाराचं बोट जातं ते बहुतेक वेळा याच मशीनवर. वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांसोबत काम करणाऱ्या सेफ इन इंडिया फाउंडेशन या संस्थेच्या अहवालांतही बोटं तोडणारं मशीन म्हणून पॉवर प्रेसच पुन्हा पुन्हा समोर येतो. म्हणून उदाहरण त्याचंच घेऊ.

## प्रेसच्या पोटात काय असतं

बाजूला जे मोठं जड चाक फिरत असतं ते फ्लायव्हील. मोटर त्याला फिरवते आणि ताकद त्याच्यात साठत जाते. मधे वर-खाली होतो तो रॅम. रॅमला पंच लावलेला, खाली टेबलावर डाय. पत्रा डायवर ठेवायचा, पायाखालचं पॅडल दाबायचं, रॅम खाली येतो, पत्र्यातून जॉब, म्हणजे हवा तो तुकडा, कापला जातो.

फ्लायव्हील आणि रॅम यांना जोडणारा भाग म्हणजे क्लच. आपल्याकडच्या लहान गाळ्यांत जे जुने प्रेस आहेत, त्यातले बरेचसे पिन क्लचचे, म्हणजे ज्याला काही जण की क्लच म्हणतात त्या जातीचे. पॅडल दाबलं की लोखंडी पिन फ्लायव्हीलच्या खाचेत बसते आणि मग एक पूर्ण फेरा होऊनच बाहेर येते. मधे ती सुटत नाही. विहिरीत सोडलेला पोहरा अर्ध्यात थांबवता येतो, कारण दोर हातात असतो. इथं दोरच नाही. एकदा रॅम निघाला की तो खाली जाऊन वर येणारच, मधे पत्रा असो की बोट.

हवेच्या दाबावर चालणारा, म्हणजे न्यूमॅटिक क्लचचा प्रेस वेगळा. त्यात क्लच सोडून ब्रेक लावता येतो, त्यामुळे रॅम वाटेत थांबू शकतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट. मोटरचं बटण बंद केलं म्हणजे प्रेस बंद झाला असं नाही. घरातला पंखा बटण बंद केल्यावरही फिरत राहतो, तसं फ्लायव्हील बराच वेळ फिरत असतं. डाय बदलताना सेटरचा, म्हणजे डाय बसवणाऱ्याचा, हात याच वेळात जातो: मोटर बंद, फ्लायव्हील चालू, आणि कुणाचा तरी पाय पॅडलवर. म्हणून डाय सेट करताना फ्लायव्हील पूर्ण थांबू द्यायचं, मेन स्विचला कुलूप घालून किल्ली सेटरच्याच खिशात ठेवायची, आणि रॅमखाली जाड ठोकळा उभा करायचा. ठोकळा विसरला तर रॅम आपल्याच वजनानंही खाली येऊ शकतो.

पिन क्लचचा तिसरा दुर्गुण म्हणजे डबल स्ट्रोक. पिन झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली की पॅडल न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. कामगार जॉब उचलायला हात घालतो, आणि घालणं बरोबरच असतं, कारण त्याच्या हिशेबी स्ट्रोक संपलेला असतो. अशा अपघातात "लक्ष नव्हतं" असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. लक्ष असून काय करणार होता तो?

## "लक्ष दे" हा गार्ड नव्हे

गावच्या विहिरीत पोर पडू नये म्हणून काय काय करता येईल? विहीर वापरात नसेल तर बुजवावी. वापरात असेल तर वर जाळी टाकावी. जाळी नको तर कठडा बांधावा. कठड्याला पैसे नसतील तर पाटी लावावी, "सावधान, खोल विहीर". आणि तेही नको तर पोराच्या कमरेला भोपळा बांधून त्याला मोकळं सोडावं.

वाचतानाच कळतं की खालचे दोन उपाय म्हणजे मनाची समजूत. पण शॉपफ्लोअरवर आपण सुरुवात तिथूनच करतो: पाटी, "सेफ्टी फर्स्ट"चं पोस्टर, हातमोजे. सुरक्षेच्या शास्त्रात या उतरंडीला एक क्रम आहे. आधी धोका मुळातूनच काढता येतो का बघा, नाही तर कमी धोक्याची पद्धत वापरा, नाही तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये काहीतरी भक्कम उभं करा. शिकवणं, नियम, पाट्या त्यानंतर. हातमोजे, बूट, चष्मा सगळ्यांत शेवटी.

प्रेसवर हे असं उतरतं. हात डायमध्ये घालावाच लागू नये अशी डाय बनवणं, हा पहिला नंबर. पंच वर गेल्यावर डाय आणि पंचमधली फट ६ मिलिमीटर किंवा त्याहून कमी राहत असेल तर बोटाला शिरायला जागाच उरत नाही. तसं जमत नसेल तर डायभोवती पत्र्याचा किंवा जाळीचा बंद गार्ड, नटबोल्टनं आवळलेला, ज्यात फक्त पट्टी सरकेल एवढी चीर. सुटा जॉब असेल तर सरकती थाळी: बाहेर जॉब ठेवा, थाळी आत ढकला. चिमटा किंवा लोहचुंबक हे त्यानंतर, कारण घाईत चिमटा बाजूला पडतो आणि हात आत जातो.

हातमोज्यांबद्दल जाता जाता. पत्र्याच्या कडांसाठी ते हवेतच. पण ड्रिल मशीनवर किंवा लेथवर मोजा घालून काम केलं तर फिरता भाग मोजा ओढतो आणि मोज्याबरोबर हात जातो. मोजे वाटले म्हणजे सुरक्षा झाली, हा समज तिथं थेट अपघात घडवतो.

या सगळ्याच्या मागचा विचार एका वाक्यात मावतो: माणूस चुकणार आहे असं गृहीत धरून मशीन लावायचं. नाईट शिफ्टच्या सहाव्या तासाला, घरी मूल आजारी असताना, हजारावा जॉब ठेवताना माणूस चुकतो. चूक झाली तर जॉब बिघडावा, बोट जाऊ नये.

## पडदा लावला, तरी बोट गेलं?

इथं खूप मालक फसतात, आणि पैसे खर्चून फसतात. लाइट कर्टन म्हणजे डायसमोर उभा केलेला प्रकाशकिरणांचा पडदा. हातानं किरण अडवला की प्रेस थांबतो. मोठ्या कंपनीचे ऑडिटवाले विचारतात म्हणून लहान गाळ्यांतही तो दिसू लागला आहे. पण मघाचं आठवा: पिन क्लचचा प्रेस वाटेत थांबतच नाही. त्याच्यावर पडदा लावला तर हात आत गेल्याचं मशीनला कळतं, एवढंच. कळून ते करणार काय? थांबण्याची सोयच नाही. पिन क्लचवर बसवलेला लाइट कर्टन म्हणजे ब्रेक नसलेल्या गाडीला लावलेला भोंगा.

न्यूमॅटिक प्रेसवर तो उपयोगी आहे, पण अंतर मोजून. अशा हिशेबात हाताचा वेग सेकंदाला साधारण १.६ मीटर धरतात. प्रेसला थांबायला पाव सेकंद लागत असेल तर पडदा डायपासून निदान ४० सेंटिमीटर पुढे हवा, आणि पडद्याच्या जातीप्रमाणे त्यात आणखी थोडी भर. ब्रेक लायनिंग झिजून थांबण्याचा वेळ ०.४ सेकंदावर गेला की त्याच हिशेबानं ६४ सेंटिमीटर. म्हणजे परवा सुरक्षित असलेला पडदा आज असुरक्षित असू शकतो, कुणी त्याला हातही न लावता. म्हणून थांबण्याचा वेळ अधूनमधून मोजून घ्यावा लागतो. पडदा बसवून दिलेल्या माणसाला हे विचारा. त्याला सांगता आलं नाही तर दुसरा माणूस शोधा.

दोन हातांची बटणं हा दुसरा आवडता उपाय. दोन्ही हात बटणांवर असतील तर डायमध्ये कुठला हात जाणार, असा विचार. विचार बरोबर आहे, पण पिन क्लचवर त्याचंही गणित बघा. मिनिटाला ६० स्ट्रोकचा प्रेस आहे, म्हणजे एका फेऱ्याला एक सेकंद, आणि वरून खाली यायला अर्धा. फ्लायव्हीलला पिनसाठी एकच खाच असेल तर बटणं दाबल्यावर ती खाच फिरून समोर येईपर्यंत आणखी एक सेकंद जाऊ शकतो. एकूण दीड सेकंद. तेवढ्यात हात २.४ मीटर जातो. म्हणजे बटणं डायपासून अडीच मीटरवर ठेवावी लागतील, तेव्हा कुठे "जॉब वाकडा बसला, सरळ करतो" म्हणून मागाहून गेलेला हात वाचेल. खाचा चार असतील तर हेच अंतर १.२ मीटरवर येतं. आपल्या गाळ्यांत बटणं असतात एका वीतभर अंतरावर, रॅमच्या दोन्ही बाजूंना.

निष्कर्ष सोपा आहे. पिन क्लचच्या हळू प्रेसला बंद गार्ड. बाकी सगळं त्याच्यानंतर. आणि बंद गार्डला लागतं काय? जाळी, अँगल, चार बोल्ट. पत्र्याचं काम करणाऱ्या शॉपमध्ये या वस्तूंचा तुटवडा असायचं कारण नाही.

## "गार्ड लावला की प्रॉडक्शन पडतं"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. काही जॉबना खरोखर वेग कमी होतो, निदान पहिले पंधरा दिवस. पट्टीच्या जॉबला मात्र उलट होतं: गार्ड असला की ऑपरेटर दर स्ट्रोकला दचकत नाही, पट्टी सरळ सरकवत राहतो. सुट्या जॉबला थाळी नीट बनवली नाही तर तो वैतागतो आणि गार्ड सोडवून ठेवतो.

एका गाळ्यात मी पाहिलं, दोन बटणांपैकी डावं बटण नट खोचून कायमचं दाबून ठेवलेलं. मालक भडकला, मुलाला काढून टाकायला निघाला. मुलाला विचारलं तर म्हणाला, "साहेब, बटण वर आहे, खांदा भरून येतो. आणि डावं बटण चार वेळा दाबलं की एकदा लागतं." उंची मोजली. बटणं त्याच्या खांद्याच्या वर होती, कारण प्रेस बसवताना उंच माणूस समोर उभा होता. बटणं स्टँडवर कोपराच्या उंचीला आणली, डावं बटण बदललं. नट परत दिसला नाही. (प्रेस न्यूमॅटिक होता, म्हणून बटणांचा उपयोग होता, हेही सांगून ठेवतो.)

गार्डला फसवणारा कामगार बहुतेक वेळा आपल्याला काहीतरी सांगत असतो. पीस रेट असेल तर जास्तच मोठ्यानं. गार्ड उघडून चालवलं की जास्त नग निघतात आणि नगावर पैसे मिळतात, तर गार्ड उघडाच राहणार, पोस्टर कितीही लावा. वरच्या कंपनीला, म्हणजे जिला माल देता तिला, भाव देताना गार्डसकट चालणाऱ्या वेगानं भाव काढा. बोट आत घालूनच परवडणारा भाव घेतला असेल तर तुम्ही तोट्यातच आहात, फक्त बिल अजून आलेलं नाही.

## मग कायदा नेमकं मागतो काय?

गंमत म्हणजे कायदा वरच्या उतरंडीच्याच भाषेत बोलतो. १९४८ च्या अधिनियमाच्या कलम २१ चा गाभा हा होता: मशीनचे धोकादायक भाग भक्कम आवरणात हवेत आणि भाग फिरत असताना ते आवरण जागेवर हवं. "कामगाराला सावध राहायला सांगा" असं त्यात नाही. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये दुरुस्ती झाली आणि कलम ७-अ आलं. कामगारांची सुरक्षा आणि आरोग्य जपणं हे चालवणाऱ्याचं सर्वसाधारण कर्तव्य, असं त्यात सरळ लिहिलं गेलं. सुरक्षा संहितेनं तीच कल्पना पुढे नेली आहे: कामाची जागा इजा होऊ शकणाऱ्या धोक्यांपासून मुक्त ठेवणं हे मालकाचं काम.

त्याबरोबर काही ठोस गोष्टी येतात. प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र. ठरवून दिलेल्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी. सुरक्षेसाठी जे द्यायचं त्याचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत, म्हणजे बुटाचे पगारातून कापणं बंद. जिथं जीव जाण्याचा किंवा गंभीर इजा होण्याचा धोका समोर दिसतो, तिथं कामगार तो मालकाच्या नजरेला आणून देऊ शकतो आणि मालकानं लगेच काही करावं लागतं. सुरक्षा अधिकाऱ्याची नेमणूक पूर्वी हजार कामगारांच्या कारखान्याला सक्तीची होती, आता पाचशेच्या, आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्याला अडीचशेच्या. लहान गाळ्याला हे लागू नाही, हे खरं.

मोडलं तर? कर्तव्यात कसूर झाल्यानं मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड, किंवा दोन्ही. आणि या दंडातली निदान निम्मी रक्कम जखमीला किंवा त्याच्या वारसाला द्यावी, असा आदेश न्यायालय देऊ शकतं. पूर्वीचा दंड सरकारजमा व्हायचा. हा बदल मला मोलाचा वाटतो.

"मॅनेजर आहे ना, तो बघतो," असंही ऐकू येतं. कायद्यात 'भोगवटादार' असा शब्द आहे, म्हणजे कारखान्यावर ज्याचा अंतिम ताबा आहे तो. कंपनी असेल तर भोगवटादार संचालकांपैकीच कुणीतरी असतो, पगारी अधिकाऱ्याला पुढे करून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ च्या जे. के. इंडस्ट्रीज खटल्यात सांगितलं आहे.

## "पण आम्ही बाराच जण आहोत"

आता त्या निरोपाकडे येऊ. वीसच्या आत 'कारखाना' नाही, पण सुरक्षा संहिता फक्त कारखान्यांसाठी नाही. ती 'आस्थापनां'साठी आहे, आणि जिथं उद्योग, धंदा किंवा उत्पादन चालतं आणि दहा किंवा जास्त कामगार आहेत ती जागा आस्थापना ठरते. बारा माणसांचा गाळा यात येतो. कारखान्याच्या खास अटी गळतात, मालकाचं सर्वसाधारण कर्तव्य गळत नाही.

आणि नऊच असतील तर? तरी अपघाताची भरपाई सुटत नाही. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात, विजेवर उत्पादन चालणाऱ्या जागेतल्या कामगारासाठी माणसांची किमान संख्या घातलेली नव्हती, आणि तो सगळा भाग आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. शिवाय भारतीय न्याय संहितेत यंत्राबाबत निष्काळजीपणा केल्याचा गुन्हा वेगळा आहे. तो दाखल करताना पोलीस हजेरीपट मोजत बसत नाहीत.

## "चूक त्याचीच होती" आणि "आम्ही सही घेतली आहे"

भरपाईच्या कायद्यात कामगाराची साधी चूक हा बचाव नाही. मालकाला बचाव मिळतो तो मोजक्या बाबतींत: कामगार दारूच्या नशेत होता, किंवा सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम त्यानं जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेसाठी बसवलेली वस्तू आहे हे माहीत असूनही ती मुद्दाम काढली. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर हाही बचाव चालत नाही. यातला बारकावा बघा: "त्यानं गार्ड काढला" असं म्हणायला आधी गार्ड असावा लागतो.

"अपघात झाल्यास मी जबाबदार" अशी सही घेतलेले कागद मी फायलींमध्ये पाहिले आहेत, काही तर स्टॅम्पपेपरवर. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यानं रद्दबातल असतो. स्टॅम्पपेपरचे पैसे वाया.

ठेकेदाराच्या माणसाचंही तसंच. काम तुमच्या गाळ्यात, तुमच्या प्रेसवर, तुमच्या धंद्याचा भाग म्हणून चालू असेल तर भरपाईसाठी कामगार तुमच्याकडे येऊ शकतो. तुम्ही नंतर ठेकेदाराकडून वसूल करा, तो तुमचा आणि त्याचा प्रश्न. याहून वाईट खोड म्हणजे कागदावर 'हेल्पर' दाखवून तिसऱ्या दिवशी प्रेसवर बसवणं. त्याला ना प्रशिक्षण, ना ऑपरेटरचा पगार. आणि अपघातानंतर मालक चौकशीत सांगतो, "तो प्रेसवर बसायलाच नको होता." मग बसवलं कुणी?

## बोटाचा हिशेब

हे लिहिताना कसंसंच होतं, पण कायद्यात बोटांचा तक्ताच आहे. अंगठा पूर्ण गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरतात. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. एका हाताची दोन बोटं २० टक्के, तीन बोटं ३०, चार बोटं ५०.

समजा कामगार २५ वर्षांचा आहे आणि ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) नोंदवलेला नाही. भरपाईसाठी जास्तीत जास्त १५,००० रुपये मासिक पगार धरतात (२०२० मध्ये ठरलेली मर्यादा). त्याचे ६० टक्के ९,०००. कायद्यातल्या वयाच्या तक्त्यात पंचविसाव्या वर्षासाठीचा गुणक २१६.९१. गुणाकार झाला १९,५२,१९०, ही पूर्ण अपंगत्वाची भरपाई. दोन बोटांसाठी त्याचे २० टक्के, म्हणजे ३,९०,४३८ रुपये. वेळेवर दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, आणि दिरंगाईला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड वेगळा. दोन बोटांचे हे पैसे. जाळी, अँगल आणि चार बोल्टचा खर्च तुम्हीच काढा.

आता ईएसआय. दहा किंवा जास्त माणसं आणि २१,००० पर्यंत पगार असेल तर सक्तीची. हप्ता मालकाचा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. कामगार ईएसआयमध्ये असेल तर वरची भरपाई मालकाच्या खिशातून जात नाही. उपचार ईएसआय करते, कामावर येता येत नाही त्या दिवसांचे पगाराच्या सुमारे ९० टक्के देते, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर दरमहा पैसे देते. म्हणजे ही योजना मालकाचीही ढाल आहे. तरी "अजून नवीन आहे, टिकतो का बघू" म्हणून नोंदणी लांबवली जाते आणि अपघाताच्या दिवशी संध्याकाळी घाईघाईनं नाव चढवलं जातं. नोंदणीवर तारीख पडते. अपघाताच्या दिवशीचीच तारीख पाहून ईएसआयच्या कचेरीतल्या कारकुनाला काय कळायचं ते कळतं.

## तरी झालंच तर

प्रेस बंद करा, पण डाय पुसू नका आणि गार्ड घाईनं बसवू नका. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात वर धरा. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकलं तर ते जोडण्यालायक राहत नाही. तुटलेलं बोट जोडणारे सर्जन कुठल्या रुग्णालयात आहेत, त्याचा नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा. रात्री दोनला कुणाला तो सुचत नाही.

अपघात वहीत लिहा. ईएसआयकडे खबर लगेच द्यायची, साध्या इजेतही २४ तासांच्या आत. कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, किंवा मृत्यू झाला, तर सरकारी यंत्रणेलाही कळवावं लागतं. महाराष्ट्रात कारखान्यांसाठी हे खातं म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. "मशीनवर नाही, दुचाकीवरून पडला" असं सांगायला लावणारे मालक आहेत. मग कामगाराचा हक्कही जातो आणि खोटा अहवाल मालकाच्याच गळ्यात पडतो, कारण डॉक्टरला चिरडलेलं बोट आणि रस्त्यावर घासलेलं बोट यातला फरक कळतो.

मग चौकशी. तिचा पहिला प्रश्न "कोण चुकलं" असा ठेवला तर कुणीच खरं सांगत नाही. पिन कधी बदलली होती, स्प्रिंग कुणी पाहिली, जॉब हातानं का उचलावा लागत होता, त्या रात्री किती तास झाले होते, आठवड्यात आधी कुणाचा हात थोडक्यात वाचला होता का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला शॉपमध्ये जवळजवळ नेहमी "हो" असं उत्तर येतं, आणि ते मालकापर्यंत पोहोचलेलं नसतं.

आणि या प्रश्नांची उत्तरं मिळून गार्ड बसेपर्यंत त्या प्रेसवर दुसऱ्या मुलाला बसवू नका, वरच्या कंपनीचा माल दोन दिवस उशिरा गेला तरी.